हौदाच्या काठावरचे नाना

आमच्या गल्लीला पाणी सोडणाऱ्या नानांइतका पक्का ख्रिस्ती माणूस अख्ख्या खानदेशात शोधून सापडला नसता. अडचण एवढीच की नानांनी बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. मी धुळ्यात बँकेत होतो तेव्हा ते आमच्या भागाचे व्हॉल्वमन होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी, खाली कुरकुरणारी सायकल आणि तोंडात चर्चमधलं एखादं गाणं. गाणं ऐकू आलं की बायका हंडे घेऊन नळाकडे धावत. उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी यायचं, त्यामुळे नानांचा आवाज बेसूर आहे ही गोष्ट गल्लीत कुणाच्या कधी लक्षातच आली नाही. गल्लीचा पाण्याचा नंबर नसताना मात्र ते थेंब सोडत नसत. आमच्या मुलाचं बारसं होतं, पन्नास पानं उठायची होती आणि टाकीत खडखडाट. मी अक्षरशः हात जोडले. "साहेब, आज तुमना नंबर नही शे," एवढं बोलून नाना निघून गेले आणि तासाभराने स्वतःच्या घरातले दोन हंडे सायकलला बांधून हजर झाले. मग पंगतीला बसून मठ्ठा तीनदा मागून घेतला.

रविवारी चर्चमध्ये पहिला माणूस नाना. बाकं पुसायची, पंखे लावायचे आणि कुणाचा बाप्तिस्मा असला की ज्या पाण्यात उतरवून तो देतात तो पुढचा हौद भरायचा, ही कामं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. तो हौद ते कधीच रिकामा राहू देत नसत. दुष्काळातसुद्धा आपल्या घरचं पाणी आणून ओतत. विधीच्या आधी कोपर बुडवून पाणी बघायचे, बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं. म्हातारं माणूस उतरणार असलं तर दोन बादल्या कढत पाणी त्यात मिसळायचे. निम्म्याहून जास्त मंडळी नानांचा हात धरूनच पाण्यात उतरलेली. स्वतः नाना मात्र काठावर, कोरडे ठणठणीत.

साहजिकच, नवा पाळक आला की तो पहिला विडा उचलायचा नानांना बुडवण्याचा. पाण्यातून नवा जन्म घेतल्यावाचून तारण नाही, असं तो समजावून सांगायचा. नाना ऐकून घ्यायचे आणि मग क्रूसावरचा चोर पुढे करायचे. येशूच्या शेजारी टांगलेल्या त्या चोराने मरता मरता विश्वास ठेवला आणि त्याच दिवशी तो स्वर्गात पोचला. "त्याले कोनी दिधा बाप्तिस्मा? तठे ते पेवालेबी पानी नव्हतं!" तो अपवाद, असं पाळकाने म्हटलं की नानांचा ठेवणीतला मुद्दा निघायचा. "नळले पानी नही म्हनीसन धरनमा पानी नही, आसं व्हस का?" एका पाळकाची जळगावला बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी नानांना मिठी मारली, ती प्रेमाने की सुटलो म्हणून, यावर मंडळीत अजून दोन तट आहेत.

शेवटचे पाळक पाचोऱ्याकडचे, वयाने नानांच्या मुलासारखे. एका संध्याकाळी ते नानांच्या ओट्यावर आले. मी तिथेच चहा पीत होतो. "साहेब, तुमी बाहेरना मानूस, तुमी न्याय करा," म्हणून नानांनी मला बसवून घेतलं आणि चोर काढला. पाळक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "नाना, एवढं कुणासाठी भांडताय?"

 मग नानांनी जे सांगितलं ते मला दहा वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं. नाना आणि त्यांची बायको, जिला सगळी मंडळी अक्का म्हणायची, एकाच रविवारी बाप्तिस्मा घेणार होते. आदल्या दिवशी हौद कोरडा होता. चर्चच्या लाइनीचा नंबर सोमवारी. अर्धा तास व्हॉल्व खोला, एवढंच ती म्हणाली. नानांनी खोलला नाही. विधी आठ दिवस पुढे गेला आणि मधल्या गुरुवारी ती छातीत दुखून गेली. "पानी लागसच, आसं कोनी म्हनं का माले वाटस, तिना व्हॉल्व मीच बंद करा," नाना म्हणाले. "आनि ती सरगमा नही व्हई, ते मी तठे जाईसन काय करू?"

मला न्याय करायला बसवलं होतं. न्याय केला तो पाळकांनी. ते म्हणाले, "नाना, चोर पोचला हे तुम्ही आम्हा सगळ्यांना पटवलंत. मग अक्का का नाही पोचणार? ती पोचली असं खरंच वाटत असतं, तर तुम्ही इतकी वर्षं काठावर थांबला नसता." 

पुढे माझी जळगावला बदली झाली आणि नानाही रिटायर झाले. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "साहेब, रविवारले या." मी गेलो. हौद नानांनीच भरला होता. सवयीने त्यांनी कोपर बुडवून पाणी बघितलं. मग आत जाऊन दोन बादल्या कढत पाणी आणून ओतलं. उतरणारे ते एकटेच होते, आणि नाना स्वतः तर पौषातही गार पाण्याने आंघोळ करणारे. पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तिले गार पानी सोसे ना," नाना म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

बाहेर आले तेव्हा मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "बठ्ठास्ले, आख्खा गावले पानी दिधं, साहेब," ते टॉवेलमधूनच म्हणाले, "तिलेच नही दिधं." मला तारणातलं काही कळत नाही आणि स्वर्गावर माझा फारसा विश्वासही नाही. पण असलाच, तर त्याच्या दारावर नंबर विचारणारा कुणी बसवलेला नसावा, असं त्या दिवशी मला मनापासून वाटलं.