ओळख न दाखवणारी

मी जन्माची भोचक. आई म्हणते, पाळण्यात असतानाच ही मान वर करून शेजारी कोण आलं ते बघायची. त्यामुळे जयगडकडून रत्नागिरीला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते तळमजल्यावरच्या एका दाराचं. पूर्वी तिथे मोडके बाक ठेवायचे. आता दारावर ‘मनमोकळं’ अशी पाटी होती आणि खाली बारीक अक्षरात ‘समुपदेशन व सोबती गट’ असं लिहिलेलं होतं. आठवड्यातून एकदा एक मॅडम यायच्या, बाकीच्या दिवशी शिकवून तयार केलेली वरच्या वर्गातली मुलंमुली बसायची. त्यांना ‘सोबती’ म्हणायचे.

आत काय चालतं, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. कोणी म्हणे आत झोपवतात. कोणी म्हणे डोळे मिटायला सांगून सगळं वदवून घेतात आणि मग घरी फोन करतात. मुलं तर त्याला सरळ ‘मेंटल रूम’ म्हणायची. दारासमोरच पाण्याचा कूलर होता, आणि मी तिथे उभी राहून आत कोण जातं, बाहेर येताना चेहरा कसा असतो ते बघायची. त्या दिवसांत माझ्याइतकं पाणी कॉलेजात दुसऱ्या कोणी प्यायलं नसेल. एकदा एक मुलगा आत तोंड पाडून गेला आणि बाहेर येताना केळं खात आला. त्या केळ्याने मला दोन रात्री छळलं.

हे झालं कुतूहल. दुसरी गोष्ट आता सांगते, ती लपवली तर बाकीच्याला अर्थ नाही. मला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जायची भीती बसली होती. आमच्या गावच्या शाळेत प्रयोग फळ्यावर व्हायचे, तरी मार्क चांगले पडायचे, म्हणून मी सायन्सला आलेली. पहिल्याच व्हायवाला सरांनी समोर बसवून साधा प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. पण घसा बंद झाला, हात गार पडले आणि छातीत असं काही धडधडायला लागलं की आता मरणारच असं वाटलं. त्यानंतर प्रॅक्टिकलच्या दिवशी ते सकाळपासूनच सुरू व्हायचं. मग मी जाणंच बंद केलं. दुपारी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसायची आणि प्रॅक्टिकल संपायच्या वेळेला खोलीवर परतायची. सरांनी निरोप पाठवला की हजेरी भरून काढली नाहीस तर जर्नलवर सही मिळणार नाही. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

घरी याचा पत्ता नव्हता. बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारे म्होरके. आई बाजारात मासे विकते, आणि पाटीपुढे बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की आमची लेक लॅबवाली होणार. अशा आईला काय सांगणार?

तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं की मला मदतबिदत काही नको, आत काय चालतं तेवढं बघून यावं. आणि एका दुपारी कॉरिडॉर रिकामा बघून शिरले.

आत तिसऱ्या वर्षाची एक ताई होती. सावर्ड्याकडच्या शेतकरी घरातली, बोलकी आणि हसऱ्या चेहऱ्याची. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं आणि आपल्याकडे पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, “कुठली गो तू?”

“जयगडकडची.”

“तिकडे कोणाकडची?”

आता आमच्याकडे हे विचारल्याशिवाय कोणी कोणाला पाणीसुद्धा देत नाही. न विचारणं हाच उद्धटपणा. मी वाडी सांगितली, घर सांगितलं. तिचा चेहरा फुलला. “अगो, मग तुमच्या बाजूच्या वाडीत माझ्या मामीचं माहेर!”

ती मनापासून खूश झाली होती. मला मात्र स्पष्ट दिसलं की आता मी इथे जे बोलेन ते एसटी धरून माझ्याआधी आमच्या वाडीत उतरेल. मामीचं माहेर म्हणजे विहीर, विहीर म्हणजे वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप. मी उठले आणि म्हटलं, “झेरॉक्स कुठे मिळतात ते विचारायला आले होते.”

तिने सांगितलं, गेटच्या समोर. मी चालायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. पण भांडं लपवलं तरी ताकाची गरज संपत नाही, हे मला जिना चढताना कळलं आणि रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये दिसली. मी हसायची तयारी करून ठेवली होती. तिने माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं आणि चहा घेऊन गेली. मला वाटलं, लक्ष नसेल. पुढे एसटी स्टँडवर ती रांगेत माझ्या शेजारीच उभी राहिली. कंडक्टरशी बोलली, केळीवालीशी बोलली, एका अनोळखी म्हाताऱ्याला तो कुठला, कोणाकडचा हे सगळं विचारून झालं. माझ्याशी एक शब्द नाही. मी चिडले. आमच्याकडे ओळख असून बोलत नाही याचा अर्थ एकच होतो, दोन घरांत बांधावरून भांडण आहे. आमचं तर यांच्याशी काहीच नव्हतं. मग एवढा भाव कशाला खायचा?

एकदा तर मी मुद्दाम तिच्या वाटेत खोलीची किल्ली पाडली. तिने उचलून दिली, “घे,” म्हणाली, आणि गेली. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. हे काय प्रकरण आहे, या विचाराने मला झोप येईना. एका अर्थी बरंच झालं, त्या आठवड्यात मी प्रॅक्टिकलपेक्षा तिचाच विचार जास्त केला.

दुसरीकडे मी बातमी घरी पोचायची वाट बघत होते. आईचा फोन आला की आधी तिचा आवाज ऐकायची. आई नेहमीसारखी भावाला ताप, बोंबलाला भाव, एवढंच बोलायची. मामीचं माहेर गप्प होतं. कोकणात मामीचं माहेर गप्प बसतं ही गोष्ट मला त्या बंद दारापेक्षा जास्त गूढ वाटायला लागली.

मग शिमगा आला आणि मी घरी गेले. बाबाही बोटीवरून आले होते. पालखी आमच्या अंगणात आली, आईने ओटी भरली आणि गावचे मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आईने त्यांना आधीच पढवून ठेवलेलं होतं. “बा देवा म्हाराजा,” त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली, “ह्या घरची लेक रत्नागिरीला शिकते हाय, तिच्या परीक्षेत तिला यश दे, प्याक्टिकलात पयला नंबर दे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळी वाडी म्हणाली.

माझे हात गार पडले. ज्या प्रॅक्टिकलला मी जातच नव्हते त्याचा पहिला नंबर आई देवाकडे सगळ्या गावादेखत मागत होती. तिथून पळून जायलाही जागा नव्हती. मी मान फिरवली, तर गर्दीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, ती सोबती ताई उभी. मामीच्या माहेरच्या माणसांबरोबर आली होती. डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून “व्हय म्हाराजा” म्हणत होती.

पालखी हलल्यावर काहीजण सरबताला थांबले, त्यात तीही. आईला नवा चेहरा दिसला की पुढचं ठरलेलं. “कोनाकडची गो तू, बाय?”

तिने सांगितलं. आईने मामी ओळखली, मामीची आई ओळखली, मग विचारलं, “रत्नागिरीला कालेजात? आमची पन तिथंच हाय. वळखत असशील.”

मी ग्लास घट्ट धरला. मान हलवून हो म्हणण्याइतकं सोपं काही नव्हतं. पुढे कुठे भेटलात, कशी आहे अभ्यासात, आणि झालं.

“नाय काकी,” ती म्हणाली. “कॉलेज मोठं आहे. कधी भेट नाय झाली.”

“असं कसं गो,” आई हळहळली. “एका कालेजात ऱ्हाऊन वळख नाय? मग आता करा.” आणि तिने माझा दंड धरून मला पुढे ढकललं. आम्हा दोघींची ओळख करून देण्यात आली. ताईने मला अगदी रीतसर विचारलं, “कुठच्या वर्षाला तू?” मी म्हटलं, पहिल्या. ती म्हणाली, वा. आईचं समाधान झालं. “जा, तिला खाडीवर आपली होडी दाव,” म्हणाली.

होडीपाशी पोचेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, “तू मला ओळखत नाहीस?”

“तू ओळख दिलीस तर ओळखते,” ती म्हणाली. “त्या खोलीत येऊन गेलेल्यांशी बाहेर आपण पहिलं बोलायचं नाही, असं ठरलंय आमचं. समोरचा बोलला तरच.”

“आणि मामीच्या माहेरी?”

“तिथं कोणाला काय माहीत?” मग जरा हसली. “लय जड गेलं गो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून घरी प्रसिद्ध मी. पण तुला कोणाकडची विचारलं ती माझीच चूक होती. तुझं नाव न घेता मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, विचारून बसलीसच, आता ते विसरल्यासारखं वाग. कोकणात राहून हे जमलं तर तू खरी सोबती.”

मी होडीच्या काठावर बोट फिरवत राहिले. “मी झेरॉक्ससाठी आले नव्हते.”

“ते दुकान आंधळ्यालाही दिसतं,” ती म्हणाली. मग आवाज बदलून तिने एकच प्रश्न विचारला, “सुट्टी संपेपर्यंत थांबता येईल का तुला? खरं सांग. नसेल येत तर आत्ता बोलू.”

येईल, मी म्हटलं. आणि खरंच आलं. कोणीतरी माझ्यासाठी माझ्या आईच्या तोंडावर खोटं बोललं होतं, त्या जोरावर मी उरलेला शिमगा काढला.

सुट्टीनंतर मी त्या खोलीत गेले आणि माझं जुनं कुतूहल शेवटी भागलं. पहिल्या खेपेला पळायच्या घाईत काही बघितलंच नव्हतं, आता बघितलं तर आत काहीही नव्हतं. दोन खुर्च्या, एक खिडकी, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि चार केळी. केळ्याचं कोडंही सुटलं, उपाशी येणाऱ्यांसाठी ती ठेवलेली असायची एवढंच. खुर्च्या मात्र समोरासमोर नव्हत्या, शेजारी शेजारी होत्या, खिडकीकडे तोंड करून. बाहेर लाल मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. मी असं का म्हणून विचारलंच. “समोर बसलं की त्याचा व्हायवा होतो,” ताई म्हणाली. तिला माझी गोष्ट अजून ठाऊकही नव्हती. मला हसू आलं, मग रडू, आणि मग मी मैदानाकडे बघत सगळं सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, “ऐकायचं काम माझं. पण छातीत धडधडतं त्याचं मला कळत नाही, ते मॅडमना कळतं. मी येऊ का तुझ्याबरोबर?”

मॅडमनी त्या धडधडीला नाव दिलं, त्याने माणूस मरत नाही हे नीट समजावलं, श्वास लांब सोडायला शिकवला. मी हो म्हटल्यावर सरांशीही बोलल्या. सरांनी राहिलेली प्रॅक्टिकल्स भरून काढायला दिली. ज्यांना मी राक्षस समजत होते ते सर म्हणाले, आधी सांगायचंस ना, व्हायवा उभ्याने घेऊ. परीक्षेच्या दिवशी ब्यूरेटच्या तोटीवर माझा हात होता आणि फ्लास्कमध्ये थेंब पडत होते, तेव्हा त्यांनी प्रश्न विचारले. घसा एकदा बंद झाला. मी श्वास सोडला, फ्लास्क हलवला, रंग गुलाबी झाला आणि उत्तर आलं. पहिला नंबर काही आला नाही. देवाचं आणि मानकऱ्यांचं काय ते त्यांनी आपसांत बघून घ्यावं. मी पास झाले.

मे महिन्यात घरी आले. आई अंगणात सुकट वाळत घालत होती, मी समोर बसून काडीकचरा निवडत होते. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. जेटीवरच्या दुपारी, धडधड, ती खोली, मॅडम. प्रॅक्टिकल चुकवल्याबद्दल ती ओरडेल म्हणून मी मान खाली घालून बोलत होते. ती ओरडली नाही. तिने सुकट पसरली आणि विचारलं, “म्हंजे ती पोरगी तुला वळखत होती?”

“हो.”

“आनि माझ्यासमोर नाय म्हनाली.”

“हो. तिला तसंच वागायचं असतं.”

मला वाटलं, आईला हे लागलं. आपल्या अंगणात उभी राहून, आपलं सरबत पिऊन कोणी खोटं बोललं. तिने सुकटीवरची माशी हाकलली.

“मामीच्या माहेरी पन नाय सांगितलंन?”

“कोणालाच नाही.”

आईचे हात थांबले. बाजारात रोज शंभर माणसांशी बोलणारी माझी आई, पाटीमागे बसून सगळ्या तालुक्याचं सुखदुःख ऐकणारी. ती खाली बघत म्हणाली, “असं मानूस मला पन गावंल काय गो?”

मी तिच्याकडे बघत राहिले. काय असेल, कधीपासून असेल, बाबांचं असेल की माझं, सगळे प्रश्न माझ्या जिभेवर आले. जन्माची भोचक मी. पण विचारलं काही नाही. समोरून उठले, तिच्या शेजारी जाऊन बसले, दोघींचीही तोंडं खाडीकडे होतील अशी, आणि तिच्याबरोबर सुकट परतायला लागले.