हळदीचं बोट लावलेलं लुगडं

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण तंजावरच्या आमच्या मराठी घरात देवनागरी माझ्याखेरीज कुणाला वाचता येत नाही. नवरा तमिळ वाचतो, लेक इंग्रजी. मराठी दोघंही बोलतात, पण कागदावरची मराठी त्यांना नक्षीसारखी दिसते. आणि जवळच्या पापनाशम गावच्या काकींना तर तमिळसुद्धा अडखळत वाचता येतं. म्हणजे मी पुरती सुरक्षित आहे, आणि याचीही मला लाज वाटते.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत काकी. काकांची नजर गेल्यापासून त्या आमच्या तंजावरी मराठी लोकांच्या घरी कार्याचा स्वयंपाक करतात. मुंज असो की श्राद्ध, पहाटेच्या बसनं येतात, न्हातात आणि पिशवीतून आणलेलं मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, नऊवारी नेसून चुलीपुढं बसतात. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी मला एक लुगडं दिलं होतं. पोपटी रंग, जांभळा काठ. पदराला त्यांनी स्वतः गाठी मारून गोंडे केले होते आणि आमच्या रीतीप्रमाणे कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि मनात म्हटलं, हे मी कधी नेसायचं? कॉलेजात शिकवायला जाताना? लुगडं कपाटाच्या तळाशी गेलं ते तिथंच राहिलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, पूर्वी भाताचं गोदाम होतं तिथं, एका संस्थेनं जुन्या वस्तूंचं दुकान काढलं आहे. लोक नको झालेलं आणून देतात, ते स्वस्तात विकतात, पैसा गरीब रुग्णांच्या औषधाला जातो. बांबूवर साड्या, फळीवर टिफिन कॅरियर, कोपऱ्यात नवरात्रात मांडतात त्या कोलूच्या बाहुल्या, नाक उडालेल्या. मला ते दुकान फार आवडायचं. खरं सांगायचं तर तिथली मी मला फार आवडायची. चार कपडे द्यायचे, एखादा झाकण नसलेला कॉफी फिल्टर घ्यायचा, आणि घरी येऊन नवऱ्याला ऐकवायचं की लोक किती टाकतात बघा.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी कपाटं उपसली. दोन पिशव्या भरल्या. पोपटी लुगडं हातात आलं, तेव्हा मी थांबले. हे लिहायलाच हवं. चुकून काही झालं नाही. मी घडी उलगडली, गोंडे पाहिले, हळद पाहिली, आणि परत घडी घालून पिशवीत सर्वात वर ठेवलं.

दुकानातल्या बाईनं ते उचललं आणि तमिळमध्ये विचारलं, "नऊवारी, अम्मा? हे घेणार कोण?"

"असेल कुणी गरीब," मी म्हटलं. "उपयोगी पडेल."

इतकी वर्षं मुलांना शिकवण्यात घालवलेल्या बाईला एवढं सुचू नये? तंजावरात नऊवारीला गिऱ्हाईक कोण असणार? आमचीच माणसं, आणि फार तर नऊवारी नेसणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्या अय्यर मामी, तमिळ ब्राह्मणांच्या. आमच्यातही रोज नेसणाऱ्या आता बोटावर मोजाव्यात इतक्या उरल्यात. त्यातल्या विकत घ्यायला जुन्याच्या दुकानात जाणाऱ्या किती? मी लुगडं जगाला दिलं नव्हतं. एका बाईच्या दारातच नेऊन टाकलं होतं.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते काकींच्या फोननं. लग्नाआधीच्या सवाष्ण जेवणाचा स्वयंपाक त्याच करणार होत्या.

"तुमच्याकडं ते दुकान झालंय म्हणे," त्या म्हणाल्या. "मडीची दोन लुगडी फाटलीत माझी. सामानाची यादी द्यायला उद्या येते ना, तेव्हा बघून घेते."

त्यांनी यादी आणली त्या दिवशी मी कॉलेजात होते. संध्याकाळी घरी न जाता तशीच दुकानात गेले. बांबूवरची एकेक साडी बाजूला केली. पोपटी कुठंच नव्हतं.

"गेलं की," ती बाई खूश होऊन म्हणाली. "एक अम्मा आल्या होत्या, कासोटा घातलेल्या. खूप वेळ हातात धरून उभ्या होत्या. कोपरे पाहिले, पदर पाहिला. मग घासाघीसही न करता घेऊन गेल्या. तुम्ही म्हणालात तसंच झालं, अम्मा."

मी काहीतरी घ्यायचं म्हणून दोन कपबश्या घेतल्या आणि बाहेर पडले.

पुढचे आठ दिवस मी उत्तरं तयार करत होते. मोलकरणीनं दिलं. नवऱ्यानं पिशवी नेली. लेकीला काय कळतंय. घरातल्या प्रत्येकाच्या माथी मी ते लुगडं मारून पाहिलं. खरंच सांगून टाकावं, हे मात्र एकदाही सुचलं नाही.

सवाष्णीच्या दिवशी काकी पहाटे आल्या. मी शिवलेली तयार नऊवारी मागवली होती, परकरासारखी चढवायची आणि आकडा लावायचा. ती पलंगावर पसरली होती. काकींनी ती पाहिली. पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं. पोपटी लुगडं धुऊन, खळ देऊन, घडी घालून आणलं होतं.

"हे तुझं दुकानात गेलंतं," त्या म्हणाल्या. "जुन्या कापडांत चुकून मिसळलं असंल. माझ्या हातच्या गाठी मला कळत नाहीत काय? म्हटलं, लेकीच्या कार्याला लागंल, घेऊन जाऊ."

स्वतःची दोन फाटलेली असताना त्यांनी पैसे मोजून माझं सोडवून आणलं होतं. 'चुकून' हा शब्द त्यांनी खरंच मानला होता की माझ्यासाठी शोधून आणला होता, मला कळलं नाही. मी तो घेतला.

"हो काकी," मी म्हटलं. "चुकूनच."

"तेच की. ये, नेसवते. तुला येत नाही न्हवं?"

मला येत नव्हतं. मी खांबासारखी उभी राहिले आणि सत्तरीच्या काकी माझ्यापुढं गुडघे टेकून बसल्या. त्या निऱ्या घालत होत्या, मी त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत होते. त्यांनी स्वतः नेसलेल्या लुगड्याला खांद्याशी ठिगळ होतं. कासोटा खोचून त्यांनी विचारलं, घट्ट झालं का? मी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं आणि मग कारण सांगावं लागलं असतं.

लेक दारात आली. "अम्मा, किती छान. हे कुणी दिलं?"

मी काही म्हणायच्या आत काकी उठता उठता म्हणाल्या, "तुझ्या आईचंच हाय ते. पहिल्यापासनं."

मग त्या देवघरात गेल्या, हळदीत बोट बुडवून आल्या आणि पदराचा कोपरा हातात घेतला. पहिलं बोट धुण्यात फिकं झालं होतं. त्याच्या शेजारी त्यांनी दुसरं लावलं, आणि स्वयंपाकाला उशीर होतोय म्हणत चुलीकडं गेल्या. मी त्यांना अजूनही खरं सांगितलेलं नाही.