पेलच्या काठ्या

२२ सप्टेंबर १७६१. नव्या राजाच्या राज्याभिषेकाला नगारे वाजवण्याबद्दल टोबायस रॅगची बिदागी ठरली होती एक गिनी सहा शिलिंग. नगारे जुनेच. गेल्या वर्षी थोरल्या राजाच्या अंत्ययात्रेत त्यांवर काळे कापड चढवून त्याचा उस्ताद ॲम्ब्रोज पेल याने ते वाजवले होते, आणि त्याच थंडीत पेल छातीच्या दुखण्याने गेला. कापड टोबायसने स्वतः काढले. आज त्याच्या हातातल्या काठ्याही पेलच्याच होत्या.

राज्याभिषेक चालला होता त्या ॲबीतल्या, म्हणजे मोठ्या चर्चमधल्या, उंच मचाणावर शेजारचा तुतारीवाला क्रेक कुजबुजला, "काय रे टोबी, तोंड असं का पांढरं पडलंय?"

"पेल पायाने ताल धरायचा ना, तो ऐकू येतोय."

"मेल्यावर तरी म्हाताऱ्याला स्वस्थ बसू दे की. आणि हे बघ, वेळेआधी ठोकलंस, तर उद्यापासून गुरांच्या बाजारात वाजवशील."

चेष्टा होती, पण खोटी नव्हती. राजाला अभिषेकाचे पवित्र तेल लावतानाचे गाणे व्हायोलिनवर हळूहळू चढत जाते. तोवर नगारा गप्प. मग सगळे गायक एकदम उठतात, आणि नगाऱ्याचा ठोका त्याच क्षणी पडावा लागतो. चुकला, तर भर दरबारात चुकला.

व्हायोलिने सुरू झाली. टोबायस मात्रा मोजू लागला, आणि फळीखालून पाऊल वाजू लागले. इतकी वर्षे तो त्या पावलावरच विसंबला होता. आजही नकळत त्यालाच धरून मोजत गेला. मध्येच त्याला जाणवले, पाऊल मागे पडते आहे. ही चाल राज्याभिषेकाची नव्हतीच. शवपेटीमागे चालतात ती होती. मोजदाद गेली ती गेलीच.

त्याने मोजणे सोडले आणि समोरच्या गायकांकडे पाहत राहिला. सगळ्यांच्या छात्या एकदम वर आल्या. टोबायसने हात टाकले. नेमके पडले. पण डावा नगारा बद्द बोलला.

"डाव्याला सर्दी झाली होती काय?" नगारे उतरवताना क्रेकने विचारले.

टोबायसने तो उलटा केला. कडेखाली काळ्या कापडाची पट्टी ताणून बांधलेली होती. पेल डावखुरा होता. गाठही डावखुऱ्याची होती.

काठ्या त्याने पेलकडून पाच शिलिंगांना घेतल्या होत्या. त्यांतले दोन शिलिंग अजून देणे होते.