इंदूरला जायचा कौल

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी उरवड्याच्या रस्त्यावर स्कूटीवरून पडले आणि उजवा हात मनगटात मोडून घेतला. खड्डा काही नवा नव्हता. उरवड्यातल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, रोजचं जाणं-येणं, त्यामुळे तिथं गाडी डाव्या अंगाने काढायची हे पाठ झालेलं. त्या दिवशी समोरून टँकर अंगावर आला, मी उजवीकडे घेतली, आणि आटोपलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कुठे पडलात? मी सांगितलं तर म्हणाले, आज त्या रस्त्यावरच्या तुम्ही तिसऱ्या, आणि हसले. यात हसण्यासारखं काय होतं, सांगा.

खरं तर माझं डोकं त्याआधीपासूनच फिरलेलं होतं. धरण आमच्या उशाला आणि उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट आम्ही बघायची. वारा सुटला की वीज गेली. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे धावणाऱ्या गाड्या आमच्या बांधावर बाटल्या फेकून जाणार आणि त्या आम्ही वेचायच्या, नाहीतर भातात काच. ग्रामसभेत बोलायला उठले तर पुढचे चार जण मागे वळून बघणार, ही कुणाची सून म्हणून. आपल्या राज्याचा इतिहास विचारा, कुणीही तासभर सांगेल. गटार कुणी काढायचं विचारा, सगळे चिडीचूप. मला या राज्याचा वीट आला होता. माझं माहेर भोरकडचं, सासर मुळशीचं, म्हणजे जन्मापासून मी हा जिल्हासुद्धा ओलांडलेला नव्हता, तरी वीट यायचा तो आलाच.

घरात आम्ही चौघं. नवरा, दहा वर्षांची मुलगी, मी आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या ताम्हिणीच्या वरच्या एका वाडीतून लग्न होऊन खाली आलेली. शाळेत गेली नाही, पण आमच्या भाड्याच्या सहा खोल्यांमध्ये राहणाऱ्या बिहारी पोरांना अशी हिंदी ऐकवते की ती पोरं गपगुमान बाथरूम घासतात. 'पानी सांडता है तो पुसता कोन, मैं?' असं काहीतरी. निम्मी जमीन प्लॉटवाल्यांना गेल्यावर उरलेली भाताची खाचरं तिनं एकटीनं धरून ठेवलीत. कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहिली की गव्यानंसुद्धा वाट बदलावी.

प्लास्टर होतं ते दीड महिना आत्यानं माझी वेणी घातली. रोज, सकाळी, चुलीवरचं पाणी तापेपर्यंत. मला न्हाऊ घातलं. पहिल्या दिवशी मी लाजून दार लावून घेतलं, तर बाहेरून म्हणाली, माझ्या म्हातारपणी तू हेच करणार आहेस, आतापासून सवय लाव. आणि आत आली. माझ्या आईनेही मला मोठेपणी असं कधी धुतलं नव्हतं. मी तिच्यासमोर दिवसभर या राज्याला, रस्त्याला, पुढाऱ्यांना शिव्या घालत बसायचे आणि ती ऐकत ऐकत माझ्या डोक्याला तेल चोळायची. ती कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.

दिवाळीत प्लास्टर निघालं आणि मी भाऊबिजेला इंदूरला गेले. माझा भाऊ तिथं पंधरा वर्षं आहे, तिकडचीच मराठी मुलगी करून बसलाय. दहा दिवस राहिले आणि अगदी भारून गेले. रस्त्यावर कागद नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून येते आणि बायका ओला वेगळा, सुका वेगळा हातात घेऊन दारात उभ्या. मी वहिनीला विचारलं, कुणी ओरडतं का नाही टाकला तर? ती म्हणाली, कशाला ओरडेल, आपलंच शहर आहे. हे वाक्य ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. भावानं आपणहून विषय काढला. त्याच्या ओळखीच्या फरसाणच्या कारखान्यात मशीनवर माणूस हवा होता, माझ्या नवऱ्याचं तेच काम. मुलीला शाळा जवळच. उन्हाळ्यात मुलीचा निकाल लागला की या, म्हणाला.

घरी आले ती इंदूर तोंडात घेऊनच. चहाच्या कपात इंदूर, भाकरीच्या तुकड्यात इंदूर. नवऱ्याचा स्वभाव असा की त्याला नरकात बदली दिली तरी तो आधी डबा कुठे मिळेल ते विचारेल. तो म्हणाला, मला चालेल, पण आईला विचार. आईला विचारलं. आत्यानं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, देवीला विचारू.

कपाळ माझं! आम्ही कुठल्या गावात राहायचं ते आता फुलं ठरवणार? पण आमच्या गावात लग्न, विहीर, मोठी खरेदी, काहीही असो, ग्रामदेवीचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतात. सगळ्यांनी गप बसायचं. उजवी आधी पडली की हो, डावी पडली की नाही. आणि मिळाला तो कौल मोडायचा नाही. मी तावातावाने तयार झाले, कारण डावी पडली तर भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं.

माघात एका मंगळवारी आम्ही गेलो. गुरवाचे गुडघे धरलेले, म्हणून पूजा गुरवीण करत होती. ती आणि आत्या एकाच वर्षी सुना होऊन गावात आलेल्या, जिवाभावाच्या. गुरविणीनं कळ्या लावल्या, आम्ही खाली बसलो. मला वाटलं होतं, तास जाईल. कधीकधी दुपार होते. पण मी पदर नीट करते न करते तोच उजवी कळी टपकन खाली आली. नवरा माझ्याकडे बघून हसला. मी आत्याकडे बघितलं. तिनं हात जोडले होते आणि ती देवीकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मला वाटलं, वाईट वाटलं असेल तिला. पण मला इतका आनंद झाला होता की मी ते तिथंच सोडून दिलं.

घरी येताना वाटेत आत्यानं सांगून टाकलं की ती येणार नाही. खोल्या आहेत, खाचरं आहेत, तिचं काय अडलंय. आम्ही तिघांनी जावं. नवऱ्यानं दोन दिवस समजावलं, मग नाद सोडला. त्याला वडील नाहीत, भाऊ नाही. मुलगी जन्मापासून आजीच्या कुशीत झोपते. म्हणजे आत्याच्या वाट्याला काय राहणार होतं, तर सहा खोल्यांतले परके आणि एक रिकामं घर. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कळून घेत नव्हते.

पुढचे दोन महिने ती आमच्या जाण्याच्या तयारीला अशी लागली की जणू घरात लग्नच निघालंय. आंबेमोहोराचं पोतं सडून ठेवलं, तिकडे कसला तांदूळ मिळतोय म्हणून. पापड, कुरडया, नाचणीचं पीठ. मुलीला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवली. खोल्यांतल्या पोरांना सांगितलं, मेरा बेटा बडे गाव जाता है, कोई गडबड नहीं मंगता. आणि गंमत बघा, मला राग येऊ लागला. कुणी अडवत नाही म्हणून राग. भांडायला म्हणून मी कंबर कसली होती आणि समोर कुणीच उभं नव्हतं. एकदा मी म्हणालेसुद्धा, आत्या, तुम्हाला आमची ब्याद गेलेली बरी वाटतेय वाटतं. ती हसली आणि पापड उलटत राहिली. माझ्या जिभेला हाड नाही, ते तेव्हाही नव्हतं.

चैत्रात एका दुपारी गुरवीण दारात आली. आत्या शेतावर होती हे बघूनच आली असणार. पाणीसुद्धा घेईना. पदराचं टोक पिळत म्हणाली, तिची म्हैस आटली. गाभण नाही, आजारी नाही, चांगली दुभती म्हैस एकाएकी आटली, आणि ती कशाने आटली ते तिला ठाऊक आहे. मी म्हटलं, कशाने? तर ती खालच्या आवाजात सांगत सुटली. कौलाच्या आदल्या दिवशी आत्या तिच्या घरी गेली होती. म्हणाली, डावी कळी चांगली भिजवून दाबून लाव आणि उजवी कोरडीच टेकव. गुरविणीनं कानाला हात लावले, पाप नको म्हणाली. आत्या म्हणाली, पाप माझ्या डोक्यावर. आणि आता देवीनं पाप बरोबर दोघींत वाटून दिलं, म्हशीपासून सुरुवात केली.

मी तिला दारातच उभी सोडली. तशीच चपला अडकवून शेतावर गेले. आत्या राब घालत होती. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेणखत, पाला, टहाळ असं थरावर थर पसरून जाळतात, की जमीन भाजून निघावी आणि तण मरावं, तो राब. ती वाकून पाला दाबत होती, डोक्याला फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत काळे.

मी विचारलं, "आत्या, उजवी कळी कोरडी लावायला तुम्ही सांगितलीत?"

ती सरळ झाली. नाही म्हणाली नाही, कुणी सांगितलं तेसुद्धा विचारलं नाही. "व्हय, सांगितली," म्हणाली.

ज्या बाईनं आयुष्यात देवीला विचारल्याशिवाय वांग्याचं रोप लावलं नाही, त्या बाईनं देवीला फसवलं होतं, आणि तेही स्वतःचं घर रिकामं व्हावं म्हणून. मी ओरडलेच असेन, कारण पलीकडच्या बांधावरच्या बाया बघायला लागल्या. का, का केलंत असं?

"डावी पडली आस्ती तर तू ऱ्हायली आस्तीस," ती म्हणाली. "पन तोंड पाडून ऱ्हायली आस्तीस, रोज. मला ते बघवलं नस्तं. देवी काय, हितंच हाय, तिची समजूत मी काडीन. तुजी कोन काडनार?"

मी तिथंच बांधावर बसले आणि रडले. लहान मुलासारखी, नाक पुसत. ती बाजूला उभी राहिली आणि तिचे काळे हात मला कुठे लावावेत ते तिला कळेना, म्हणून मग कोपरानं माझं डोकं जवळ घेतलं. एवढी मोठी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, हे मी तेव्हा बोलले नाही. आता लिहिते आहे. मला वाटायचं, माझा राग या घरात कुणाच्या कानावर पडतच नाही. ती दीड महिना तेल चोळता चोळता एकेक शब्द ऐकत होती.

मी म्हटलं, मी जात नाही. तर उलट तीच भडकली. कौल मिळालाय, आता जावंच लागेल, देवीची काय चेष्टा लावलीये का! मी म्हटलं, आत्या, कौल खोटा आहे. त्यावर ती पुन्हा वाकून पाला दाबू लागली. मग म्हणाली, परत लावू, या वेळी खरा. मी नको म्हणाले. उजवी पडायची मला भीती वाटत होती आणि डावी पडायचीसुद्धा, आणि मुळात हे मला माझं मीच ठरवायचं होतं. देवीला फक्त खरं काय ते सांगून येऊ, एवढंच म्हटलं.

त्याच रात्री भावाला फोन केला. तो चिडला. गावच्या मोहापायी बुडशील म्हणाला. गावचा मोह मला काडीचा नाही, रस्ता तोच आहे आणि उद्या मी त्याच रस्त्याने कामाला जाणार आहे, हे त्याला कसं समजावणार? इंदूर मला अजून आवडतं. मी फक्त एका माणसाला सोडून जाऊ शकत नव्हते, आणि ते माणूस इथलंच आहे, असं माणूस या मातीतच निपजतं, दुसरीकडे निपजत असेल तर मला ठाऊक नाही.

शुक्रवारी ओटीचं सामान घेऊन आम्ही देवळात गेलो. नवरा, मुलगी, गुरवीण, सगळेच. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान गुरवाचा, आपण नुसतं मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण आत्यानं गुरविणीला बाजूला सारलं आणि स्वतःच पुढे उभी राहिली. गुरवीण मागून कुजबुजली, म्हशीचंही सांग.

आत्यानं ते ऐकलं नाही, की ऐकून सोडलं, कोण जाणे. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि शेजारणीशी बोलावं तशी मोठ्यानं देवीशी बोलली.

"आई, कळी मी कोरडी लावली. शिक्षा काय ती मला दे, या पोरीला नगं. तिनं जे जे वंगाळ म्हटलं ते समदं खरं हाय, एक शब्द खोटा न्हाई. आमी हितंच जलमलो म्हनून आमाला दिसत न्हवतं. मी तिला जा म्हनले, तरी ती ऱ्हाते म्हनतीया. आता हितं ऱ्हान्याजोगं कर."