पाचपैकी पाच

"काजूच्या फॅक्टरीत ह्या कित्याक?" ट्रेडमिल उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं.

साधारण २००७ साल असेल. मालवणजवळच्या एका काजू फॅक्टरीत मी नर्स होते. साठ बायका दिवसभर मांडी घालून काजूगराची साल काढायच्या.

ट्रेडमिल येण्याच्या महिनाभर आधी पुण्याच्या हेड ऑफिसने एक फॉर्म पाठवला होता. चांगला आहार आणि व्यायाम यांचं 'मोटिव्हेशन' मोजायचं. म्हणजे माणूस व्यायाम किती करतो ते नाही. करावासा किती वाटतो, आणि तो मनापासून की कुणाच्या धाकाने, हे बघायचं. वीस वाक्यं. अजिबात पटलं नाही तर एक, पूर्ण पटलं तर पाच.

फॉर्म वाटताना सुपरवायझर म्हणाला, "कमी मार्क पडले तर पुण्याहून डॉक्टर येतील." झालं. सगळ्यांनी सगळीकडे पाच. 'मी मनापासून व्यायाम करते' याला पाच, 'मी फक्त इतरांच्या दबावाने व्यायाम करते' यालाही पाच. मला ते दिसलं होतं. तरी मी फॉर्म तसेच पुण्याला पाठवले.

आमचं युनिट पहिलं आलं. बक्षीस ट्रेडमिल.

मॅनेजर सामंतसाहेबांनी ऑर्डर काढली: जेवणाच्या सुट्टीत रोज सहा जणींनी आळीपाळीने दहा-दहा मिनिटं चालायचं, मगच जेवायचं. त्या वेळी नेमकं लोडशेडिंग. मग बायका बंद पट्ट्यावर दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि रजिस्टरवर सही करायच्या.

"सिस्टर," साल काढणाऱ्यांतली पास्कीन म्हणाली, "मी घराकडसून चलान येतंय. आता हयसर चलान पोचतलंय खंय?"

पास्कीनला शुगर होती, गोळ्या चालू होत्या. चौथ्या दिवशी रांगेत जेवण लांबलं, साखर एकदम उतरली आणि ती घामाघूम होऊन कोसळली. साखरपाणी पाजल्यावर शुद्धीवर आली.

मी सरळ सामंतसाहेबांकडे गेले. "साहेब, ते फॉर्म खोटे आहेत."

"सिस्टर, पुण्यात माझा सत्कार ठरलाय."

"मग मी पुण्याला कळवते."

"नोकरीवर पाणी सोडाल."

मी फोन लावला. एचआरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "डेटा आहे, सिस्टर. खोटा कसा असेल?"

"मग परत मोजूया का?"

"फॉलो-अप? व्हेरी गुड!"

या वेळी मी एकेकीला बाहेर फणसाखाली बसवलं आणि प्रत्येक वाक्य मालवणीत विचारलं. सुपरवायझरला लांब ठेवलं. 'मला दिवसभरात भरपूर पाणी प्यावंसं वाटतं' या वाक्याला पास्कीनने एक दिला.

"कित्याक गो?"

"पाणी पियालंय तर संडासाक जावचा लागता. चावी सुपरवायझराकडे. पुरुषमाणसाकडे सारखी चावी मागूक लाज वाटता."

पुढच्या बायकांनीही तेच सांगितलं. मी ते प्रत्येक फॉर्मच्या मागे लिहिलं.

सरासरी आली सव्वा. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढला: ट्रेडमिलमुळे मोटिव्हेशन घसरलं. मशीन आठवड्यात परत गेलं. फॉर्मच्या मागचं मात्र त्यांनी खरंच वाचलं होतं. फॉर्म पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सामंतसाहेबांना फोन आला आणि संडासाचं कुलूप कायमचं निघालं. त्यांचा सत्कार रद्द झाला. पावसाळा संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

माझी नोकरी राहिली. एवढ्या वर्षांत मी एकच शिकले: कामगार सगळ्याला हो म्हणत असतील, तर ते मोटिव्हेशन नसतं, त्यांना धाकातून सुटायचं असतं.