माझ्या गाण्याचा अखंड सप्ताह

माझं पहिलं गाणं जगभर प्रसिद्ध झालं आणि तीन महिन्यांत त्यानं सतरा रुपये कमावले.

तेही हातात आले नाहीत. ठरावीक रक्कम साचल्याशिवाय ॲपवर गाणी ऐकवणारी कंपनी पैसे पाठवत नाही. (माझ्या वेगानं ती रक्कम माझ्या नातवंडांच्या खात्यात पडेल.) मला रेकॉर्डिंग आवडतं, कारण काचेच्या खोलीत कुणी आपल्याकडे बघत नाही. स्टुडिओचे पाच हजार मात्र बाबांनी भरले होते. बाबा सरकारी कार्यालयात हिशेब तपासतात आणि घरीही तेच करतात.

"दिवाळीपर्यंत खर्च निघाला तर दुसरं गाणं," त्यांनी सांगितलं होतं. "नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास."

दुसऱ्या गाण्याची चाल माझ्या डोक्यात तयार होती. बँकेची परीक्षा नव्हती.

सतरा रुपयांची बातमी जेवताना फुटली. नेमकी त्या दिवशी खापरखेड्याहून कुंदाआत्या आली होती.

"सतरा हजार?"

"नाही आत्या. रुपये."

"बाप्पा! येवढ्यात तर्री पोह्याची प्लेटबी येत नाही वं! मंग त्या गायकायच्या गाड्या कुठून येतात?"

"कार्यक्रमांतून. गाणं एकदा ऐकलं की पाच-दहा पैसेच मिळतात. त्यातून आधी कंपनी घेते, मग मधला एजंट, उरलं तर मी."

"अन् जास्त येळा ऐकलं तर?"

"तर जास्त."

हे 'तर जास्त' मला नडलं. पण चारपेक्षा अधिक माणसांत एवढं बोलल्यावर माझ्याकडे दोनच शब्द उरले होते.

आत्या खापरखेड्याच्या कॉलनीतला नामसप्ताह चालवते. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आत्यानं हात धुवायच्या आत ठरवलं, पोरीचं गाणंही तसंच चालवायचं! तिच्या यजमानांचा जन्म वीज केंद्रात गेलेला. त्यांनी लगेच पाळ्या लावल्या. फर्स्ट शिफ्ट खापरखेडा, सेकंड शिफ्ट काटोलचा मामा, नाइट शिफ्ट जरीपटक्याचा काका. हे सगळे दोन दिवसांत विसरतील, असं मला वाटलं. (मला माझे नातेवाईक अजून नीट कळलेले नाहीत.)

आकडे चढू लागले. काटोलच्या मामानं फोन चार्जर-बॅटरीसकट संत्र्याच्या झाडाला टांगला. खापरखेड्यात भजनी मंडळातल्या बायका पहाऱ्याला बसल्या. मी रोज सकाळी आकडा बघायचे आणि आपण बऱ्यापैकी गातो, असं मला वाटायला लागलं. धीर करून मी आत्याला फोन केला.

"आत्या, बायकांना गाणं कसं वाटलं?"

"ऐकलं कुठं वं! आवाज बंद करूनच लावतो आमी. लय रडकं हाय!"

आठवड्याच्या आत कंपनीचा मेल आला. आपलं गाणं ऐकणारी माणसं ही माणसं वाटत नाहीत, असा त्याचा आशय. गाणं काढून टाकलं होतं आणि सतरा रुपयेही रोखले होते.

आत्या भडकली. "माणसं नाही? मंग काय जनावरं हाओत आमी? लाव त्याले फोन!"

पण फोन लावायला तिकडेही माणूस नव्हता. मेल यंत्रानंच लिहिला होता.

दिवाळी जवळ आली होती. बाबांनी क्लासचं माहितीपत्रक माझ्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. मी त्यावरच ताट ठेवायला सुरुवात केली. काका मात्र स्वस्थ बसला नाही. त्याचं जरीपटक्यात मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर त्याच्या उंचीचा स्पीकर आहे.

"कंपनीनं काढलं तं काढलं! पेनड्राइव्हमदी हाय ना? आता सारा जरीपटका ऐकन!"

"काका, त्याचे पैसे मिळत नाहीत."

"पैशाचं नाही वं, इज्जतीचं हाय!"

आता हे गाणं काय आहे ते सांगायला हवं. एक मुलगी वाट बघते. कुणी येत नाही. दुसऱ्या कडव्यातही येत नाही. काका ते सकाळी शटर उघडल्यापासून लावायचा, आणि या खेपेला आवाज पूर्ण सोडून.

त्या रविवारी आमच्या घरी एक गृहस्थ आले. हातात काजूकतलीचा डबा आणि एक पाकीट. काकाच्या शेजारी त्यांचं मिठाईचं दुकान होतं. कुणीतरी माझ्या गाण्यासाठी घर शोधत आलं होतं! मी दाराआडून बाहेर आले.

"बेटी, आवाज तो भगवान की देन है," ते म्हणाले. मी पहिल्यांदाच मान वर केली. "लेकिन कल एक आदमी सगाई के लड्डू लेने आया. खड़े-खड़े पूरा गाना सुना. फिर बोला, घर पे एक बार और पूछ के आता हूँ."

"फिर?" बाबांनी विचारलं.

"फिर क्या! आया ही नहीं! साहब, दिवाली का सीजन है. अपने भाई को समझाओ, गाना बंद करा दो." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि वर डोक्यावर हातही ठेवला.

ते गेल्यावर बाबांनी पाकीट उघडलं, नोटा मोजल्या आणि सवयीनं पुन्हा मोजल्या. पाच हजार एक.

"खर्च निघाला," ते म्हणाले. "वर एक रुपया नफा. कर दुसरं गाणं."

मला इतका आनंद झाला की मी बाबांशी चक्क अख्खं वाक्य बोलले. "बाबा, हे दुसरं गाणं खूप आनंदी आहे!"

"अजिबात नको!" बाबा दचकून म्हणाले. "पहिल्यापेक्षा रडकं कर. जरीपटक्यात मिठाईची दुकानं पुष्कळ आहेत."

मी खोलीत गेले आणि चालीतले आनंदी सूर एकेक करून काढून टाकले. फार वेळ लागला नाही. मुळात फारसे नव्हतेच.