इंग्रजीतून स्पॅनिश, व्हाया उदगीर

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी मी नांदेडहून इंग्रजी घेऊन बी. ए. झाले. वडील उमरीला रेल्वेत गँगमन होते. मी पाच वर्षांची असताना आई-वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात एकच होतं, पोरीनं शिकायचं. शिकून झाल्यावर पुढं काय, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. निकालाचा कागद घेऊन मी घरी आले तेव्हा आई विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरत होती. मी वरून ओरडून सांगितलं, "पास झाले!" ती खालूनच म्हणाली, "बरं झालं. आता दोर धर."

चार महिने मी दोरच धरला. मग वडिलांच्या एका दोस्ताचा उदगीर स्टेशनावरून निरोप आला. तिकडच्या एका खेड्यात एक परदेशी नर्स दवाखाना चालवते, तिला इंग्रजी येणारी मुलगी पाहिजे. वडील म्हणाले, "हे तुझंच काम हाय. जा."

मला वाटलं, बाई विलायतेतली असणार. रस्ताभर मी इंग्रजी वाक्यं घोकत गेले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि अंगणात लिंबाचं झाड. पडवीत एक उंच, उन्हानं तांबूस पडलेली पन्नाशीची बाई एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होती. मी घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. तिनं मान वर केली आणि विचारलं, "ये पोरी. जेवलीस का न्हाई?"

ती स्पेनची होती. गाव तिला नुसतं "बाई" म्हणायचं, म्हणून मीही बाई म्हणू लागले. आठ वर्षांत पेशंट बायकांशी बोलून बोलून तिचं मराठी आमच्या भागातल्या कुठल्याही बाईसारखं झालं होतं. इंग्रजी मात्र डिक्शनरीतून शिकलेलं, तेही अर्धंमुर्धं. आणि दवाखान्यात उपयोगाचं पुस्तक एकच होतं. खेड्यातल्या आरोग्यसेविकांसाठीचं जाडजूड मार्गदर्शक, सगळं इंग्रजीत. तीन महिन्यांनी तिच्या देशातून एक तरुण नर्स येणार होती. तिला ना इंग्रजी येत होतं, ना मराठी. ती यायच्या आत हे पुस्तक हातानं स्पॅनिशमध्ये उतरवायचं, असं बाईनं ठरवलं होतं. मी इंग्रजीचा अर्थ सांगायचा आणि तिनं लिहायचं, एवढंच काम.

दुपारी पेशंट ओसरले की आम्ही लिंबाखाली चटईवर बसायचो. पहिल्याच दिवशी अडलो. पुस्तकात होतं, 'ड्राय अप'. बाई म्हणाली, "ड्राय मला कळतंय. अप म्हणजे वर. वर वाळतंय?"

कॉलेजात आम्हाला अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावल्या होत्या. गिव्ह अप, रन आऊट, लुक आफ्टर, पुट अप विथ. अर्थ यायचे, पण ते शेपूट कशाला लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कॉलेजातल्यासारखं इंग्रजीतच समजवायला गेले. बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. शेवटी वैतागून मी मराठीत म्हणाले, "अहो बाई, वाळणं नाही. वाळून जाणं."

ती एकदम सरळ बसली. "हां! वाळून गेलं!" आणि तिनं लिहिलं, 'से सेको'.

मग मी विचारलं, हे 'से' काय आहे? तिला सांगता येईना. तिची आई स्वयंपाकघरात कसं बोलायची ते ती आठवू लागली. दूध उतू गेलं, कप फुटून गेला, पीठ संपून गेलं. जिथं जिथं आपण 'गेलं' लावतो, तिथं बहुतेकदा तिचं ते 'से' यायचं. 'रन आऊट' म्हणजे संपून जाणं, 'से आकाबो'. 'खाऊन टाक' म्हणतानाही तसलंच काहीतरी. दर वेळी जमायचंच असं नाही, पण जमलं की बाई टाळी वाजवायची. तेव्हापासून आमची वाट ठरली. इंग्रजी वाक्य मी गावच्या मराठीत सांगायचं, आणि त्या मराठीवरून बाईनं स्पॅनिश लिहायचं. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, हे मी सांगेपर्यंत ती 'मागं बघणं' असं लिहून मोकळी झाली होती. 'पुट अप विथ' आलं तेव्हा मी म्हणाले, "सोसणं." तिनं 'आग्वांतार' लिहिलं आणि अंगणातल्या बायकांकडं बघून म्हणाली, "हा शब्द हितं लई लागतोय."

विशेषणांत माझी शान आणखी उतरली. मला वाटायचं, ती सोपी, एका शब्दाला एक शब्द. पुस्तकात 'पुअर वूमन' होतं. मी म्हणाले, गरीब बाई. तिनं विचारलं, "गरीब का बिचारी?" त्यांच्याकडं विशेषण नामाच्या नंतर आलं की पैसा नसलेली, आणि आधी आलं की बिचारी. मी पानभर मागंपुढं वाचलं तरी सांगता येईना. शेवटी ती म्हणाली, "दोन्ही लिवू."

एकदा 'ड्राय लँड' पाशी तिची पेन्सिल थांबली. त्यांच्याकडं 'आहे' हे दोन प्रकारचं. एक कायमचं, मुळातलं. दुसरं सध्याचं, आत्ता तसं झालेलं. जमीन कोरडी आहे, हे नेमकं कोणत्या 'आहे'नं लिहायचं? पुस्तक कुठल्याशा वाळवंटी मुलखातल्या माणसानं लिहिलेलं होतं, त्याच्या मनात कायमचीच कोरडी असणार. मी तसं म्हणाले. झाडाखाली एक शेतकरीण लेकाच्या तापाचं औषध घेऊन ऊन उतरायची वाट बघत बसली होती. बाईनं तिला विचारलं, "मावशी, तुमची जमीन कोरडी हाय का कोरडी पडलीय?"

मावशीला रागच आला. "हाय कशी? पडलीय! दोन सालं झाली पडून. ज्वारी बघायची होती तुम्ही माझी, मानूस दिसत न्हवता आत."

बाईनं मान डोलावली आणि सध्याचं 'आहे' लिहिलं. पुस्तकातल्या वाळवंटाचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते पुस्तक लांबचं. येणारी पोर हितं येणार हाय."

तरुण नर्स आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. पंचवीसेक वर्षांची, गोल चेहऱ्याची, कुणी बोललं की लाजून हसणारी. तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले, आणि आमच्या बाई थोरल्या झाल्या. आमच्या वह्या तिनं छातीशी धरल्या. शेवटच्या वहीत शब्दांची यादी होती, इंग्रजी आणि पुढं स्पॅनिश. तिच्या-माझ्यातलं सगळं बोलणं त्या यादीवरून चालायचं.

एके दिवशी थोरल्या बाई औषधं आणायला उदगीरला गेल्या. सकाळीच एक बाई कडेवर वर्षाची पोर घेऊन आली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी, हाताला चिंध्या बांधलेल्या. मला म्हणाली, "ही माझ्या भैनीची. भैन गेली. मीच वाढवतीय. रात्रंदिस रडतीय, बघा जरा."

मी ऐटीत धाकट्या बाईंकडं वळले आणि वाढवण्यासाठी कॉलेजातला शब्द वापरला, 'ब्रिंग अप'. त्यांनी वही उघडली. पण पुस्तकात तो शब्द एकाच ठिकाणी आला होता, उलटीच्या धड्यात. तेवढाच अर्थ आम्ही लिहिला होता, ओकणं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, साखरमिठाचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला बसल्या. मी आत पट्ट्या बांधत होते. मला वाटलं, काहीतरी बघितलं असेल त्यांनी.

पोर पाणी प्यायची, थोडी गप्प व्हायची, पुन्हा रडायची. धाकट्या बाई तिला थोपटत त्यांच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायच्या. पोरीची मावशी खांबाला टेकून बसली होती, तिथंच तिचा डोळा लागला. दुपारी तीनच्या सुमाराला थोरल्या बाई परत आल्या. समोरचं बघून त्यांनी मावशीला हलवून विचारलं, "कवापासून ओकतीय?"

मावशी दचकून उठली. "ओकतीय कुठं? कान फुटलाय तिचा."

मी आतून ऐकलं. हातातली पट्टी तशीच राहिली. बाहेर येऊन मी चूक सांगितली, तशा धाकट्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्या बाईंनी आधी कान बघितला, पुसला, औषध घातलं. मग मावशीला विचारलं, "इतका येळ गप का बसलीस?"

"काय बोलू?" मावशी म्हणाली. "भैन गेल्यापासून माझ्याबिगर कुणी तिला मांडीवर घेतलं न्हाई. ही बाई घेऊन बसली, तर मला वाटलं, बसू दे थोडं."

धाकट्या बाईंना शब्द कळले नसावेत, पण त्यांनी पोर खाली ठेवली नाही.

मावशीची त्या दिवशीची हजेरी माझ्यामुळं बुडाली होती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कामावर गेले आणि मुकादमाला म्हणाले, चूक आमची आहे, हिची नाही. तो हजेरी लावायला तयार झाला नाही. पण पोरीच्या कानातला कापूस बघून त्यानं मावशीला खडीवरून काढलं आणि मजुरांना पाणी पाजायच्या कामावर झाडाखाली बसवलं. परत येऊन मी यादीत 'ब्रिंग अप'पुढं दुसरा अर्थ लिहायला सांगितलं. थोरल्या बाईंनी पेन्सिल माझ्याच हातात दिली. "तूच लिव. क्रियार." मी देवनागरीत लिहिलं.

दुष्काळ सरल्यावर कामं बंद झाली, तेव्हा मावशी दवाखान्यातच झाडलोटीला लागली. धाकट्या बाईंना मराठी तिनंच शिकवलं. मला लातूरला शाळेत नोकरी लागली. सुट्टीत मी दवाखान्यात जायची. उतरवायचं काही उरलं नव्हतं, तरी आम्ही त्याच झाडाखाली बसायचो.

पुढं लातूर जिल्हा झाला. त्याआधी थोरल्या बाईंना राहण्याच्या परवान्यासाठी दर वर्षी उस्मानाबादला जावं लागायचं. आता माझ्याच गावात काम होणार, म्हणून मला आनंद झाला होता. नव्या कचेरीच्या पाटीला अजून रंगाचा वास होता. कारकुनानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाईंचं "लई उपकार झाले बगा" ऐकून हसून दाद दिली. अर्ज इंग्रजीत होता, म्हणून तो मी भरायला घेतला. दोन ओळी वाचल्या आणि थांबले. तो राहण्याचा अर्ज नव्हता. देश सोडून जाण्याचा होता.

"बाई, हे काय?"

"गुडघे गेले, पोरी. पेशंटापुढं वाकता येईना. मीच पेशंट झाले तर धाकटीनं कुणाकुणाला बघायचं?"

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू अर्ज भरला असतास का?"

मी नसता भरला. ते तिला माहीत होतं. मी भरला, अक्षर वाकडं आलं. बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. कचेरीत नव्या कपाटांची ने-आण चालली होती, आणि हमाल आम्हाला बाजूला सरायला सांगायचं सोडून आम्हालाच वळसा घालून जात होते.

स्पेनला गेल्यावर तिची पत्रं यायची, मराठीतली पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. मी ती शाळा सुटल्यावर मोठ्यानं वाचायची, कारण नुसतं बघून ती कळायची नाहीत, ऐकूनच कळायची. तिच्या गावी थंडी लई हाय, लोक चांगले हायेत, ज्वारी न्हाई.

सहा-सात वर्षांनी एक पत्र दुसऱ्याच अक्षरातलं आलं, सगळं स्पॅनिशमध्ये. मला मोजके शब्द येत होते, त्यातला एकही त्यात सापडेना. रविवारी मी ते घेऊन उदगीरची गाडी धरली. धाकट्या बाईंच्या केसांत आता पांढरं दिसायला लागलं होतं. त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं, मग मला चटईवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. एकेक ओळ वाचून त्या मला मराठीत सांगू लागल्या. बाईंच्या भाचीनं लिहिलं होतं. शेवटचे पंधरा दिवस बाई घरच्यांशी कधी कधी अशा भाषेत बोलायच्या की कुणाला समजत नव्हतं. काही शब्द भाचीनं कानावर पडले तसे लिहून पाठवले होते, अर्थ कळवा म्हणून.

धाकट्या बाईंनी ते शब्द वाचले आणि कागद माझ्याकडं दिला. वाकड्यातिकड्या स्पेलिंगमध्ये लिहिलं होतं, 'जेवली का समदी'.

आम्ही दोघींनी मिळून भाचीला उत्तर लिहिलं.